ग्राहकांची खाती कॉम्प्युटरमधून गायब झाली, तर आधी काय करायचं?

दिंडोरी तालुक्यात दुकानदाराचं वर्ष द्राक्षबागेच्या वेळापत्रकावर चालतं. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास शेतकरी औषधं आणि खतं उधारीवर उचलतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघाला, व्यापाऱ्याचे पैसे हातात आले, की मग तो दुकानाची बाकी फेडतो. ही गोष्ट फक्त कृषी सेवा केंद्राची नाही. किराणा, हार्डवेअर, कापड, मोटार रिवाइंडिंग, ट्रॅक्टरचं गॅरेज, सगळ्यांचीच उधारी या चक्रात अडकलेली असते. म्हणजे या चार-पाच महिन्यांत दुकानदाराची खरी कमाई गल्ल्यात नसते, खात्यात असते.

पूर्वी हे खातं लाल कापडाच्या वहीत असायचं. आता ते टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा मोबाईलच्या ॲपमध्ये असतं. सोय नक्कीच झाली. पण वही एका रात्रीत सबंध कोरी होत नव्हती, कॉम्प्युटरमधलं खातं मात्र होऊ शकतं. आम्ही शाळेत शिकवतो. आमच्याकडे येणाऱ्या पालकांमध्ये कितीतरी छोटे दुकानदार आहेत. घरातला मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर शिकली, की अब्बा हिशोबाचं काम तिच्याकडे देतात. आणि एक दिवस मूल घाबऱ्या आवाजात सांगतं, "अब्बा, गिऱ्हाइकांची नावंच दिसत नाहीत."

अशा वेळी काय करायचं, हे या लेखात पायरीपायरीने सांगत आहोत. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुष्कळदा डेटा गेलेला नसतो, फक्त दिसत नसतो. तो खरोखर जातो तो घाबरून केलेल्या दुरुस्तीत.

पहिला एक तास: हात थांबवा

खाती दिसली नाहीत, की माणूस काय करतो? सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतो. त्याच नावाची नवीन कंपनी उघडून नोंदी सुरू करतो. जुना बॅकअप आहे त्याच जागी परत घेतो. या तिन्ही गोष्टींनी असलेला डेटा बिघडू किंवा पुसला जाऊ शकतो.

त्याऐवजी चार कामं करा. पहिलं, त्या कॉम्प्युटरवर नवीन नोंद करणं थांबवा. दिवसाची विक्री कागदाच्या बिलबुकावर लिहा. दुसरं, स्क्रीनवर जो संदेश आला असेल त्याचा मोबाईलने फोटो काढा. तिसरं, शेवटचं सगळं कधी ठीक दिसलं होतं आणि त्यानंतर काय बदललं, ते लिहून ठेवा. वीज गेली होती का, सॉफ्टवेअर अपडेट झालं का, कोणी कॉम्प्युटर फॉरमॅट केला का, नवीन मुलगा कामाला लागला का? चौथं, डेटाचा फोल्डर जागेवर असेल, तर टॅली बंद करून तो जसाच्या तसा बाहेरच्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. पुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर करायचे, मूळ डेटावर नाही.

आता तीनपैकी कोणता प्रकार आहे ते ओळखायचं: डेटा दिसत नाही, डेटा बिघडला आहे, की डेटा पुसला गेला आहे? तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

प्रकार पहिला: डेटा आहे, पण दिसत नाही

टॅलीप्राइमचं उदाहरण घेऊ. आपल्याकडे ते जास्त वापरलं जातं, आणि इतर सॉफ्टवेअरमध्येही तपासायच्या जागा बऱ्याचशा अशाच असतात.

कंपनीचं नावच यादीत नसेल, तर जागा तपासा. टॅली एका ठरलेल्या फोल्डरमध्ये डेटा शोधतं. बहुतेक ठिकाणी तो सी ड्राइव्हवर असतो. पण दुकान लावून देणाऱ्याने डेटा डी ड्राइव्हवर ठेवला असेल आणि नंतर सॉफ्टवेअर नव्याने टाकलं गेलं असेल, तर ते रिकाम्या फोल्डरमध्ये बघत बसतं. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर 'सिलेक्ट फ्रॉम ड्राइव्ह' आणि 'स्पेसिफाय पाथ' असे पर्याय असतात. तिथून बाकीचे ड्राइव्ह बघा. टॅलीच्या फोल्डरला कंपनीचं नाव नसतं, १०००० सारखा आकडा असतो. म्हणून दुकानाच्या नावाने शोधलं तर सापडत नाही.

कंपनी उघडते पण जुने व्यवहार दिसत नाहीत, असं असेल तर कालावधी बघा. १ एप्रिलनंतर ही तक्रार हमखास येते. रिपोर्ट नव्या वर्षाचा असतो आणि आपण मागच्या वर्षाचं बिल शोधत असतो. ऑल्ट आणि एफ२ दाबून तारीख मागे न्या. हिशोबनीसाने वर्ष संपल्यावर कंपनीचे दोन भाग केले असतील, तर जुनी बिलं जुन्या भागात असतात आणि नव्यात फक्त सुरुवातीची बाकी येते.

एखाद्याच ग्राहकाचं नाव येणेबाकीच्या यादीत नसेल, तर तीन गोष्टी तपासा. त्याचं खातं 'संड्री डेटर्स' या गटातच आहे का? चुकून 'संड्री क्रेडिटर्स'मध्ये टाकलं असेल, तर ते देणेकऱ्यांच्या यादीत जाऊन बसतं. त्या खात्याला बिलनिहाय बाकी ठेवण्याची सोय चालू आहे का? ती बंद असेल, तर बिलांच्या येणेबाकीत ते नाव येत नाही. आणि तिसरं, स्पेलिंग. इंग्रजीत 'शेख' दोन-तीन तऱ्हेने लिहितात, 'सय्यद' आणखी जास्त तऱ्हेने. एकाच माणसाची दोन खाती उघडलेली असतात आणि बाकी दोन्हींत वाटली गेलेली असते. 'चार्ट ऑफ अकाउंट्स'मध्ये सगळ्या खात्यांची यादी एकत्र मिळते, ती शांतपणे वाचून काढा.

एक दिलासा देणारी गोष्टही सांगतो. ज्या खात्यावर नोंदी आहेत, ते खातं टॅली सरळ डिलीट करू देत नाही. म्हणून व्यवहार असलेल्या एखाद्या ग्राहकाचं नाव गायब झालं, तर बहुधा ते बदललं गेलं आहे किंवा दुसऱ्या गटात गेलं आहे. एकेक व्यवहाराची नोंद मात्र डिलीट होऊ शकते. एडिट लॉग चालू असेल तर कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं. कायद्याने १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत कंपन्यांना अशी नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. छोट्या एकल मालकीच्या दुकानाला सक्ती नाही, पण जिथे दोन-तीन हात हिशोबाला लागतात तिथे ते चालू ठेवलेलं बरं.

आणखी एक कारण म्हणजे अधिकार. कामगाराच्या नावाने लॉगिन केलं असेल, तर त्याला जेवढं बघायची परवानगी आहे तेवढंच दिसतं. मालकाच्या लॉगिनने उघडून बघा.

प्रकार दुसरा: डेटा बिघडला आहे

नोंद चालू असताना वीज गेली, की फाइल अर्धवट लिहिली जाते. तालुक्याच्या ठिकाणी वीज कशी येते-जाते हे सांगायला नको. मग कंपनी उघडताना मेमरीची चूक दाखवणारा संदेश येतो, किंवा ठरावीक खातं उघडलं की सॉफ्टवेअर बंद पडतं.

टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबल्यावर डेटाच्या मेनूत 'रिपेअर' हा पर्याय आहे. तो वापरायचा, पण कॉपीवर. कारण दुरुस्तीत जी नोंद वाचताच येत नाही ती गळून पडू शकते. म्हणून दुरुस्तीनंतर कंपनी उघडली म्हणजे काम संपलं असं समजू नका. 'स्टॅटिस्टिक्स' या रिपोर्टमध्ये किती खाती आहेत आणि कोणत्या प्रकारचे किती व्हाउचर आहेत, याचे आकडे मिळतात. ते बिलबुकाच्या शेवटच्या नंबराशी, बँकेतल्या जमेशी आणि मागच्या महिन्याच्या छापील यादीशी ताडून बघा. फरक आला, तर कोणत्या तारखेपासून आला ते शोधा.

दोन गोष्टी बिघाडासारख्या दिसतात, पण बिघाड नसतात. नव्या आवृत्तीत उघडलेला डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे दुकानात नवी आणि घरी जुनी आवृत्ती असेल तर घरी अडचण येणारच. दुसरं, लायसन्स न मिळाल्यामुळे सॉफ्टवेअर शिकाऊ अवस्थेत गेलं असेल, तर ते मोजक्याच तारखांच्या नोंदी घेऊ देतं. डेटा तिथेच असतो.

मात्र 'टॅलीव्हॉल्ट'चा पासवर्ड विसरला, तर तो कोणीच काढून देऊ शकत नाही. त्यात डेटा कुलूपबंद करून ठेवलेला असतो. कोणी पैसे घेऊन 'तोडून देतो' म्हणालं, तरी सगळ्या गिऱ्हाइकांचा हिशोब अनोळखी हातात देण्याआधी दहा वेळा विचार करा.

प्रकार तिसरा: डेटा पुसला गेला आहे

आधी रिसायकल बिन बघा. तिथे नसेल, तर कॉम्प्युटरचा वापर पूर्ण बंद करा. जुन्या हार्डडिस्कवर फाइल डिलीट केली तरी तिची जागा नवीन फाइलने भरेपर्यंत मजकूर बहुधा शिल्लक असतो, त्यामुळे जाणकार माणूस तो काढू शकतो. म्हणूनच परत मिळवण्याचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकायचं नसतं. ते टाकतानाच आपला डेटा झाकला जाऊ शकतो. डिस्क काढून दुसऱ्या मशिनला जोडायची. नव्या एसएसडीमध्ये मात्र ही आशा फार कमी. डिलीट झालेली जागा ती स्वतःच लवकर साफ करते.

सगळ्या फाइलींची नावं विचित्र झाली असतील आणि पैसे मागणारी चिठ्ठी पडद्यावर आली असेल, तर तो खंडणीचा व्हायरस आहे. इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा, आणि काहीही झालं तरी बॅकअपचा पेनड्राइव्ह त्या मशिनला लावू नका. सायबर गुन्ह्याची तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते, पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर लगेच कळवा. २०१६ मध्ये युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी मिळून 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम सुरू केला. तिथे काही व्हायरसची कुलपं उघडणारी साधनं फुकट मिळतात. पैसे भरल्यावर डेटा मिळेलच, याची हमी कोणीच देत नाही.

खातं मोबाईलच्या ॲपमध्ये असेल तर

खाताबुक किंवा ओके क्रेडिटसारख्या ॲपमध्ये खातं मोबाईल नंबरशी बांधलेलं असतं. फोन हरवला किंवा फुटला, तर आधी त्याच नंबरचं दुसरं सिम काढा, मग नव्या फोनवर त्याच नंबरने लॉगिन करा. दुसऱ्या नंबरने लॉगिन केलं, की कोरं खातं दिसतं आणि माणूस समजतो सगळं गेलं. एका ॲपमध्ये दोन दुकानांची वेगवेगळी खाती असतील, तर वरचं नाव बदलून बघा. नेट नसताना केलेल्या नोंदी मात्र फोनमध्येच अडकलेल्या असू शकतात, म्हणून नेट आल्यावर ॲप एकदा उघडायची सवय ठेवा.

बॅकअप परत घेताना

बॅकअप मूळ जागी परत घेतला, तर तिथला डेटा झाकला जातो. समजा बॅकअप ३१ डिसेंबरचा आहे आणि आज २० फेब्रुवारी आहे. मूळ फोल्डरमध्ये ५१ दिवसांच्या नोंदी कुठेतरी जिवंत असतील, तर त्याही तुम्ही आपल्या हाताने पुसाल. म्हणून नवीन रिकामा फोल्डर करा, त्यात बॅकअप घ्या आणि उघडून बघा. सॉफ्टवेअर 'आधीच आहे, त्यावर लिहू का?' असं विचारत असेल, तर 'नाही' म्हणा.

मधले दिवस परत कसे जोडायचे?

बॅकअपनंतरचे दिवस हाताने भरावे लागतात. पण हिशोब फक्त आपल्याच कॉम्प्युटरमध्ये नसतो, त्याचे तुकडे ठिकठिकाणी पडलेले असतात.

जीएसटी भरणाऱ्या दुकानाने पोर्टलवरून जीएसटीआर-१ डाउनलोड करावा. जीएसटी नंबर असलेल्या ग्राहकांची बिलं त्यात नंबर, तारीख आणि रकमेसह मिळतात. ई-वे बिलं वेगळ्या पोर्टलवर असतात. विवरणपत्रासाठी सीएला किंवा कर सल्लागाराला डेटा दिला असेल, तर ती कॉपी मागा. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये यूपीआयने कोणी किती दिले ते नावासह दिसतं. व्हॉट्सॲपवर पाठवलेली बिलं, कार्बनची बिलबुकं, डिलिव्हरी चलनं गोळा करा. अनुदानित खत पॉस मशिनवर विकलं जातं, त्यामुळे कोणाला किती गोणी गेल्या याची नोंद तिथे आहे. पण लक्षात ठेवा, ते मशीन माल गेला एवढंच सांगतं, पैसे रोख आले की उधार राहिले हे सांगत नाही.

मग एकेका ग्राहकाचा कागद करा. समजा ३१ डिसेंबरची बाकी ४२,५०० रुपये. त्यानंतरची सापडलेली बिलं ८,२०० आणि ३,३०० रुपयांची. यूपीआयने जमा १०,००० रुपये. म्हणजे बाकी ४४,००० रुपये. प्रत्येक आकड्यासमोर तो कशावरून घेतला ते लिहा. ज्याला पुरावा नाही तो आकडा वेगळ्या रकान्यात ठेवा. मनाने भरलेला आकडा आणि कागदावरून घेतलेला आकडा एकदा मिसळले, की पुन्हा वेगळे होत नाहीत.

आता ग्राहकाशी बोलायचं

इथे प्रश्न कॉम्प्युटरचा राहत नाही. फेडलेले पैसे दुसऱ्यांदा मागितले, तर तो दुसऱ्याच्या हक्कावर हात आहे. आणि आपली येणेबाकी सोडून दिली, तर घरातल्या लेकरांचा घास जातो. सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनमधली सगळ्यात लांब आयत आहे, आणि तिचा विषय उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आहे, हे आपण जाणतो. जकातीचा हिशोब करतानाही लोकांकडची येणेबाकी बघावी लागते. तेव्हा खातं ही दोन्ही बाजूंची अमानत आहे.

म्हणून सरळ सांगावं: "भाऊ, आमचा डेटा बिघडलाय. आमच्या कागदांवरून तुमची बाकी एवढी दिसते. तुमच्या डायरीशी ताडून बघा, काही दिलं असेल तर सांगा." पुष्कळ शेतकरी स्वतःची वही ठेवतात. आकडा जुळला, की त्याच कागदावर तारीख घालून सही घ्या.

त्या सहीला कायद्यातही वजन आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार उधार दिलेल्या मालाच्या वसुलीसाठी साधारणपणे ३ वर्षांत दावा करावा लागतो. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी सही करून बाकी मान्य केली, तर तिथून मुदत नव्याने मोजतात. नुसत्या आपल्या हिशोबाच्या वहीतल्या नोंदीवर कोणावर देणं शाबित होत नाही, सोबत दुसरा पुरावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हेच तत्त्व आहे, आणि कॉम्प्युटरमधली नोंद कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. जीएसटीच्या कायद्यानेही वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशोब जपून ठेवायचा आहे. 'कॉम्प्युटर बिघडला' हे उत्तर तिथे पुरत नाही.

पुढच्या वेळेसाठी

२७ जून २०१७ रोजी 'नोटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका कर-हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. मर्स्क ही जगातली मोठी जहाज कंपनी त्यात ठप्प झाली. नाशिकची द्राक्षं ज्या न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातात, तिथलं मर्स्क समूहाचं टर्मिनलही बंद पडलं. कंपनीतल्या माणसांची आणि मशिनांची ओळख ठेवणारे जवळपास दीडशे सर्व्हर एकमेकांची कॉपी ठेवत होते, पण सगळे जोडलेले असल्याने सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतल्या घानामधला. कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता.

छोट्या दुकानाने यातून घ्यायचा धडा असा, की जोडलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. डेटाचा चालू फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडून ठेवला, तर बिघाडही तिथे जाऊन पोचतो. त्यासाठी एवढं करा:

- दोन पेनड्राइव्ह घ्या, एक सम तारखेचा, एक विषम तारखेचा. दुकान वाढवताना बॅकअप घ्या आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा.
- दर जुम्मेच्या दिवशी तिसरी कॉपी घरी न्या. दुकानात आग लागली किंवा चोरी झाली, तरी ती शाबूत राहील.
- दर महिन्याला येणेबाकीची यादी कागदावर छापून फाइलला लावा.
- कॉम्प्युटरला यूपीएस लावा.
- महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.
- पासवर्ड आणि लायसन्सची माहिती एका पाकिटात घालून घरातल्या दुसऱ्या जबाबदार माणसाकडे द्या.

ही शेवटची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. हिशोब घरातल्या एकाच माणसाला कळत असेल आणि तो आजारी पडला किंवा परगावी गेला, तर डेटा जागेवर असूनही घरच्यांसाठी तो हरवलेलाच असतो. दुकान वाढवल्यावर रोजची दहा मिनिटं मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि बॅकअप घ्यायला तिच्या हाताने लावा. ऑक्टोबरची छाटणी सुरू व्हायच्या आत ही सवय घरात लागली, तर मार्चमध्ये बाकी मागताना समोर कागद असेल.